जव्हारचे अखेरचे राजे आणि गुलाबी दगडांचा राजवाडा

जव्हार गावालगतच्या टेकडीवर, काजूच्या झाडांच्या दाटीत, गुलाबी दगडांचा एक राजवाडा उभा आहे. जयविलास हे त्याचे नाव. काही जण त्याला राजबारी असेही म्हणतात. ग्वाल्हेरला शिंद्यांनी १८७४ मध्ये उभारलेला याच नावाचा प्रचंड प्रासाद जगाला ठाऊक आहे. त्याच्या तुलनेत जव्हारचा जयविलास हा अगदीच धाकटा. पावसाळ्यात दाभोसा धबधबा पाहायला मुंबई-नाशिकहून येणारी मंडळी जाता जाता इथे थांबतात, छायाचित्रे काढतात. चित्रपटवाल्यांनाही ही वास्तू परिचयाची आहे. ती उभारणारा राजा मात्र या गर्दीतल्या फार थोड्यांना माहीत असतो. हा राजा वयाच्या दहाव्या वर्षी गादीवर बसला, विसाव्या वर्षी त्याच्या हाती कारभार आला आणि तिसाव्या वर्षी त्याचे राज्य संपले. त्यानंतरही तो तीस वर्षे जगला. त्या तीस वर्षांतली जवळजवळ नऊ वर्षे त्याने लोकसभेच्या बाकावर काढली. राजे यशवंतराव मार्तंडराव मुकणे, अर्थात पाचवे पतंगशाह, यांची ही कहाणी आहे.

यशवंतरावांचा जन्म ११ डिसेंबर १९१७ चा. ज्या घराण्यात ते जन्मले, त्याचा इतिहास महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्थानिक घराण्यांपेक्षा वेगळा आहे. पटवर्धन, घोरपडे, भोसले या घराण्यांचा उत्कर्ष मराठेशाहीत किंवा तिच्या थोडा आधी झाला. मुकण्यांची गादी त्यांच्याहून कितीतरी जुनी आणि ती महादेव कोळ्यांची. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचा हा मुलूख तेराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोळी आणि वारली नायकांच्या ताब्यात होता. थळ घाटाजवळच्या मुकणे गावी जयबा नावाच्या कोळी पुरुषाची लहानशी मातीची गढी होती. त्याने पेठ-धरमपूरकडे मजल मारली, काही वर्षे गुजरातेत काढली आणि परतल्यावर जव्हारच्या वारली नायकाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. नायकाने हसत होकार दिला. जयबाने कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, त्या एकापुढे एक जोडल्या आणि त्यांच्या वेढ्यात जव्हारच घेतले. कार्थेज वसवणाऱ्या राणी डायडोचीही हीच कथा भूमध्य समुद्राकाठी सांगितली जाते. जमीन घेणारा चतुर आणि देणारा भोळा ठरवण्याची ही पद्धत जगभर सारखीच दिसते. वारल्यांच्या बाजूने ही गोष्ट कशी सांगितली गेली असती, हा प्रश्न मात्र दरबारी बखरींना कधी पडला नाही.

जयबाचा मुलगा नेमशाह. दिल्लीच्या सुलतानाने त्याला राजा म्हणून मान्यता दिली. तो दिवस ५ जून १३४३ चा मानला जातो. जव्हारकरांना तो इतका मोलाचा वाटला की त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा शक सुरू केला आणि पुढे शतकानुशतके संस्थानच्या कागदपत्रांवर तो घातला जात राहिला. शाह हे बिरुद नावामागे कायमचे चिकटले ते तेव्हापासून. गादीवर येणारा राजा विक्रमशाह, पतंगशाह किंवा कृष्णशाह असे नाव धारण करी. यशवंतराव पाचवे पतंगशाह झाले ते या परंपरेने.

शिवकाळात या घराण्याने मैत्री आणि वैर दोन्ही अनुभवले. १६६४ मध्ये सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ थांबले, राजा विक्रमशाहाने त्यांचे स्वागत केले आणि महाराजांनी त्याला शिरपेच दिला, अशी परंपरा आहे. ज्या माळावर ही भेट झाली तो शिरपामाळ. पण अवघ्या आठ वर्षांनी, जून १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांच्या फौजेने त्याच विक्रमशाहाकडून जव्हार जिंकून घेतले आणि सतरा लाखांचा खजिना मराठ्यांच्या हाती लागला. शिरपामाळाला भेट देणाऱ्यांना सहसा पहिली गोष्ट सांगितली जाते, दुसरी नाही. पुढे पेशवाईत मुलूख आणखी आक्रसला. इंग्रज आले तेव्हा ३१० चौरस मैलांचे, दोन तुकड्यांत विभागलेले, डोंगराळ संस्थान शिल्लक होते. १९०१ च्या शिरगणतीत त्याची लोकसंख्या ४७,५३८ भरली. गावे १०८. शेजारचे मोखाडे जव्हारच्या राज्यात नव्हते. ते ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचे पेटे होते. आज जव्हार-मोखाडा हा शब्द एका दमात उच्चारला जातो. पण स्वातंत्र्यापूर्वी या दोन गावांमध्ये राज्याची सीमा होती.

यशवंतरावांचे वडील मार्तंडराव, म्हणजे पाचवे विक्रमशाह, मुलाच्या जन्मवर्षीच, १९१७ मध्ये, गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत १९१८ साली जव्हारला नगरपालिका स्थापन झाली. घाटवळणांनंतर लागणाऱ्या एका आदिवासी संस्थानच्या राजधानीत, त्या काळात, नगरपालिका असणे ही लहान गोष्ट नव्हती. मार्तंडरावांना राज्य करायला दहाच वर्षे मिळाली. १९२७ मध्ये ते वारले तेव्हा यशवंतराव दहा वर्षांचे होते.

अल्पवयीन राजाच्या वतीने राणी सगुणाबाईंनी कारभार पाहिला. दहा-अकरा वर्षांचा हा काळ संस्थानी हिंदुस्थानात सर्वत्र एकाच साच्याने जात असे. बालराजाच्या शिक्षणावर इंग्रज पोलिटिकल अधिकाऱ्याची नजर असायची आणि त्याला घरापासून दूर, राजपुत्रांसाठीच्या खास शाळेत पाठवले जायचे. पश्चिम हिंदुस्थानातल्या राजपुत्रांसाठी ती शाळा म्हणजे राजकोटचे राजकुमार कॉलेज. यशवंतराव तिथे शिकले. पुढे इंग्लंडमध्ये ब्लन्डेल्स या जुन्या पब्लिक स्कूलमध्येही त्यांचे शिक्षण झाले. क्रिकेट, घोडेस्वारी, इंग्रजी संभाषण, टेबलावरचे शिष्टाचार या सगळ्यांत तयार झालेला तरुण नाचणी आणि वरईवर जगणाऱ्या प्रजेकडे परत यायचा. ही दरी यशवंतरावांच्या एकट्याच्या वाट्याला आली नव्हती. पण औंध, सांगली किंवा कोल्हापूर यांच्यापेक्षा जव्हारमध्ये ती अधिक खोल होती. इथल्या प्रजेत वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, कोळी यांचीच वस्ती. पांढरपेशा मध्यमवर्ग नावापुरता. शेती बहुतेक डोंगरउतारावरची, राब जाळून केलेली. संस्थानचे खरे धन म्हणजे जंगल. साग, ऐन, खैर यांच्या तोडीवर तिजोरी भरे आणि त्याच तोडीवर राबणाऱ्याच्या हाती मात्र फार थोडे पडे.

१६ जानेवारी १९३८ रोजी यशवंतरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. वय अवघे वीस. नऊ तोफांच्या सलामीचा मान. गावात जुना राजवाडा होताच. परंतु तरुण राजाने टेकडीवर नवा राजवाडा बांधायचे मनावर घेतले. जयविलासची कल्पना या काळातली.

त्या काळात देशभरातल्या संस्थानिकांना बांधकामाचे जणू वेडच लागले होते, आणि त्यात मोठी विविधता होती. जोधपूरच्या उमेदसिंहांनी १९२९ मध्ये दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून हेन्री लँचेस्टर या वास्तुविशारदाकडून प्रचंड प्रासाद बांधायला घेतला, तो १९४३ मध्ये पुरा झाला. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाला बोलावून माणिकबाग अगदी नव्या, निरलंकृत, पोलादी-काचेच्या पद्धतीने सजवले. मोरवीच्या नव्या राजवाड्याने आर्ट डेको शैली उचलली. मुंबईत तर ओव्हल मैदानाच्या कडेला आणि मरीन ड्राइव्हवर सिमेंट-काँक्रीटच्या गोलाईदार गच्च्यांची रांगच उभी राहत होती, आणि गजानन म्हात्र्यांसारखे मराठी वास्तुविशारद त्या नव्या शैलीत मुंबईचा चेहरा बदलत होते. जव्हार या मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर. विशीतल्या, विलायतेत शिकलेल्या राजाने नव्या फॅशनला भुलणे स्वाभाविक होते. यशवंतरावांनी तसे केले नाही.

जयविलासची धाटणी नवअभिजात आहे. युरोपात दीडशे वर्षांपूर्वी प्रतिष्ठा पावलेली आणि इंग्रजी राजवटीने हिंदुस्थानात सरकारी इमारतींच्या रूपाने रुजवलेली ही शैली. तिच्यात देशी घाटाचे घुमट आणि कमानी मिसळल्या. मुख्य साहित्य घडीव गुलाबी दगड. तो हाताने घडवलेला. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टच्या मुलखात हा रंग उठून दिसतो. ओल्या पावसाळ्यात तो गडद होतो, उन्हाळ्यात फिकटतो. टेकडीचा माथा निवडण्यातही विचार होता. खाली जंगलाने भरलेल्या दऱ्या, पलीकडे राज्य. घरातून राज्य दिसावे आणि राज्यातून घर दिसावे, ही राजवाड्यांची जुनीच रीत.

या वास्तूकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली अशी, की हे घर लहान आहे. उमेद भवनाच्या साडेतीनशे-चारशे दालनांपुढे, लक्ष्मीविलासाच्या विस्तारापुढे, जव्हारच्या राजाने आपल्या ऐपतीबाहेर जाऊन काही केले असे वाटत नाही. दगड घडवणाऱ्या हातांना काम मिळाले असणार, हेही खरे. दुसरी तऱ्हा टेकडीखालून पाहण्याची. तिथे वारल्याचे घर कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले. लग्नाच्या वेळी तांदळाच्या पिठाने चितारलेले. त्या काळात या पट्ट्यातला माणूस सावकाराकडे आणि जंगल ठेकेदाराकडे बांधलेला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराचे लग्नगडी होत आणि ते कर्ज कधी फिटत नसे. अशा मुलखात कोणताही राजवाडा, कितीही लहान असला तरी, मोठाच ठरतो.

राजवाड्याच्या जोडीला महायुद्ध आले. यशवंतराव भारतीय हवाई दलात दाखल झाले आणि फ्लाइट लेफ्टनंटच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. बहुतेक संस्थानिकांनी युद्धनिधी दिला, रंगरूट दिले, आपल्या नावाने एखादे विमान भेट दिले आणि मानद हुद्दे स्वीकारले. प्रत्यक्ष गणवेश चढवून सेवेत जाणारे थोडे. त्या थोड्यांत जव्हारचा राजा होता, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाविषयी बरेच काही सांगते. हवाई दल तेव्हा अगदी कोवळे होते. १९३२ मध्ये त्याची स्थापना झाली आणि युद्धाने त्याला एकदम वाढवले. त्यात हिंदुस्थानी तरुण इंग्रजांच्या बरोबरीने हुद्द्याची शिस्त शिकत होते. जिथे शाह हे बिरुद कामाला येत नव्हते, अशा ठिकाणी यशवंतरावांनी ती वर्षे काढली.

त्याच सुमारास त्यांच्या राज्याच्या सीमेवर आग लागली होती. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळ झरी गावी वारली शेतमजुरांची मोठी परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालच्या किसान सभेचे लाल निशाण तिथे फडकले आणि वेठबिगार करायची नाही, असा ठराव झाला. उंबरगाव-डहाणूच्या जमीनदारांना ते सहन होणे शक्य नव्हते. १० ऑक्टोबर १९४५ च्या सुमारास तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण ठार झाले. जेठ्या गांगड हे त्यातले पहिले नाव. तलवाडा जव्हारपासून दूर नाही. हा उठाव मुख्यतः ब्रिटिश मुलखातल्या जमीनदारांविरुद्ध होता. परंतु जंगलात संस्थानच्या सीमेला अर्थ नसतो. एकाच कुळातले वारली सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे राहत होते, एकाच देवाला कोंबडे देत होते, एकाच बाजाराला जात होते. वेठबिगार नाकारता येते, हा शब्द एकदा कानी पडल्यावर तो सीमेवर अडवणे कोणत्याही राजाला शक्य नव्हते. कोळी राजघराणे स्वतः आदिवासी समाजातले असल्यामुळे इथे रोष वेगळ्या वळणाने वाहिला, एवढे म्हणता येते. राजा आपल्यातला आहे, ही भावना आणि राजा टेकडीवर राहतो, ही वस्तुस्थिती, या दोन्ही एकत्र नांदत होत्या. पुढच्या निवडणुकांत या दोहोंची परीक्षा होणार होती.

१९४७ मध्ये इंग्रज गेले. साडेपाचशेहून अधिक संस्थाने सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांच्या संस्थानी खात्यापुढे होती. त्यांपैकी हैदराबाद, काश्मीर आणि जुनागड यांच्याविषयी खूप लिहिले गेले. जव्हारसारख्यांची हकिकत दोन ओळींत आटोपते, कारण तिथे संघर्ष झाला नाही. १९४८ मध्ये जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ठाणे जिल्ह्याचा तालुका बनले. सव्वासहाशे वर्षांहून थोड्या कमी काळाचा इतिहास असलेली गादी एका सहीने संपली. सही करणारा राजा तीस वर्षांचा होता. ज्या अधिकारांसाठी त्याला दहा वर्षे थांबावे लागले, ते अधिकार त्याला दहाच वर्षे मिळाले.

विलीनीकरणाच्या करारातल्या एका तरतुदीकडे सहसा लक्ष जात नाही, पण जयविलासच्या दृष्टीने तीच महत्त्वाची. राज्याची सगळी मालमत्ता सरकारजमा व्हायची. राजाची खासगी मालमत्ता मात्र त्याच्याकडे राहायची. त्यासाठी प्रत्येक राजाने ठरलेल्या मुदतीत आपल्या खासगी जमिनी, घरे, रोखे आणि रोकड यांची यादी सरकारला सादर करायची आणि वाद उद्भवल्यास न्यायखात्याचा अनुभव असलेल्या अधिकाऱ्याने निवाडा द्यायचा. राजेशाहीत राज्याचे कोणते आणि राजाचे कोणते, हा प्रश्नच नसतो. १९४८ मध्ये तो प्रथम विचारला गेला आणि त्याचे उत्तर यादीत लिहावे लागले. जंगल गेले. महसूल, न्यायनिवाडा, पोलीस, टपाल-जकात जे काही होते ते गेले. राजवाडा राहिला. नव्या राज्यासाठी म्हणून जे घर बांधले, ते राज्य गेल्यावर केवळ घर उरले. तेही जवळजवळ नवे कोरे.

तनख्याचे गणितही मेननांनी ठरवले होते. पूर्वेकडच्या संस्थानांपासून सुरू झालेल्या सूत्रानुसार वार्षिक उत्पन्नाच्या पहिल्या लाखावर पंधरा टक्के, पुढच्या चार लाखांवर दहा टक्के आणि त्यावर साडेसात टक्के. कोट्यवधींचे उत्पन्न असलेल्या राजांना यातून लाखो मिळाले, तरी त्यांनी कुरकुर केली. काही लाखांचे उत्पन्न असलेल्या डोंगरी संस्थानाच्या वाट्याला काही हजारच येणार, हे उघड होते. त्यातून राजवाडा सांभाळायचा, नोकरचाकर पोसायचे, दसऱ्याचा मान राखायचा. अनेक संस्थानिकांनी पुढची वर्षे मुंबई-पुण्यातले बंगले विकण्यात, घोडे आणि मोटारी विकण्यात घालवली. १ एप्रिल १९५७ हा कूळकायद्यातला कृषकदिन ठरला आणि जमिनीचा उरलासुरला आधारही बड्या खातेदारांच्या हातून सुटत गेला.

याच काळात काही राजांना आपल्या प्रासादांचा नवा उपयोग सापडला. जयपूरच्या महाराजांनी १९५७ मध्ये रामबागचे हॉटेल केले. उदयपूरच्या भगवतसिंहांनी पिछोला तलावातला जगनिवास १९६३ मध्ये हॉटेल म्हणून खुला केला. त्याच्या अंतर्गत सजावटीत डीडी कॉन्ट्रॅक्टर या अमेरिकेत वाढलेल्या आणि लग्नानंतर भारतात आलेल्या कलावतीचा हात होता. जुन्या दालनांत न्हाणीघरे बसवायची, विजेच्या तारा भिंतीत लपवायच्या, दिवाणखान्याचे भोजनगृह करायचे आणि तरीही पाहुण्याला आपण राजाचे पाहुणे आहोत असे वाटले पाहिजे, ही कसरत राजस्थानने तेव्हा शिकली आणि त्यावर पुढे मोठा व्यवसाय उभा राहिला. महाराष्ट्रात ती वाट फार उशिरा चोखाळली गेली. कोल्हापूरचा शालिनी पॅलेस हॉटेल झाला तो १९८७ मध्ये. जव्हारला ती वाट मिळणे कठीणच होते. जयपूर-उदयपूरला आगगाडी, विमान आणि परदेशी पर्यटक होते. जव्हारला पावसाळ्यात घाट कोसळणारा रस्ता होता. हवा महाबळेश्वरसारखी थंड, दऱ्या तितक्याच खोल, पण बाजार मिळाला नाही. त्यामुळे जयविलासची अंतर्रचना फारशी बदलली नाही. हे दुर्दैव की सुदैव, ते पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून आहे. हॉटेल झाले असते तर डागडुजीला पैसा मिळाला असता. वास्तू मात्र जशी बांधली तशी आज दिसली नसती.

यशवंतरावांनी दुसरी वाट धरली, राजकारणाची. तिची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काँग्रेस ठाणे जिल्ह्यात वाहून गेली होती. तेव्हाच्या दोन सदस्यांच्या ठाणे मतदारसंघातून शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू माटेरा हे दोघेही कम्युनिस्ट निवडून आले. म्हणजे झरीच्या परिषदेत ज्यांनी वेठबिगारीविरुद्ध शपथा दिल्या, ते लोकसभेत पोहोचले. दोन सदस्यांचे मतदारसंघ नंतर रद्द झाले, महाराष्ट्र राज्य झाले आणि १९६२ ची निवडणूक आली. काँग्रेसला या पट्ट्यात असा माणूस हवा होता, ज्याला आदिवासी आपला म्हणतील आणि ज्याच्यामागे परुळेकरांच्या प्रभावाला तोंड देण्याइतके वजन असेल. भिवंडी मतदारसंघातून यशवंतराव मुकणे काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि निवडून आले.

घटनेने या प्रसंगाला एक विलक्षण परिमाण दिले होते. अनुसूचित जमातींच्या यादीत महादेव कोळी आहेत. त्यामुळे १९६७ मध्ये डहाणू हा जमातींसाठी राखीव मतदारसंघ झाल्यावर तिथूनही यशवंतरावांना उभे राहता आले आणि ते पुन्हा लोकसभेत गेले. देशात राजे-महाराजे निवडणुका लढवत होतेच; ग्वाल्हेर, जयपूर, बिकानेर यांची नावे तेव्हा वृत्तपत्रांत रोज असत. पण ते सर्वसाधारण जागांवर, क्षत्रियत्वाच्या तोऱ्यात. नऊ तोफांची सलामी घेतलेला माजी राजा वंचितांसाठी राखलेल्या जागेवर बसतो, हे दृश्य वेगळेच होते. त्यावर टीका करणे सोपे आहे. ज्या वारल्याच्या नावाने जागा राखली, त्याचा प्रतिनिधी राजवाड्यातून यावा काय, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याला उत्तरही आहे. सहाशे वर्षे कोळी राजाची गादी टिकली, हीच या डोंगरातल्या माणसांच्या मनातली अभिमानाची एक जागा होती. दिल्लीत आपल्यापैकी कुणी बसणे म्हणजे काय, हे त्यांना आधी त्या गादीमुळेच कळले असेल. शिवाय मत देणारा आता प्रजा राहिला नव्हता, मतदार झाला होता, आणि त्याने दोनदा त्यांना निवडले.

यशवंतरावांच्या संसदेतल्या दुसऱ्या कारकिर्दीत त्यांच्या स्वतःच्या हिताशी थेट भिडणारा विषय लोकसभेपुढे आला. राजांचे तनखे आणि विशेषाधिकार रद्द करण्याचे घटनादुरुस्ती विधेयक इंदिरा गांधींच्या सरकारने मे १९७० मध्ये मांडले. लोकसभेत ते मंजूर झाले. राज्यसभेत मात्र दोनतृतीयांश बहुमताला एका मताचा अंश कमी पडला आणि ते फेटाळले गेले. लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढून घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरमध्ये तो आदेश रद्द केला. त्याच महिन्यात लोकसभा बरखास्त झाली. १९७१ च्या निवडणुकीत डहाणूहून काँग्रेसचे लक्ष्मण दुमाडा आले आणि वर्षअखेरीस सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे, बिरुदे, मान्यता सगळे संपले. म्हणजे यशवंतराव ज्या पक्षाचे खासदार होते, त्याच पक्षाने त्यांची शेवटची राजचिन्हे काढून घेतली. १९४८ मध्ये राज्य गेले, १९७१ मध्ये राजा हा शब्दही कागदावरून गेला. जव्हारच्या बाजारपेठेत मात्र त्यांचा उल्लेख राजेसाहेब असाच होत राहिला. दसऱ्याला राजघराण्याचा मान चालू राहिला, कारण तो कोणत्याही घटनादुरुस्तीच्या कक्षेत येत नव्हता.

१९७७ मध्ये डहाणूने पुन्हा कूस बदलली. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे लहानू कोम लोकसभेत गेले. वीस वर्षांत हा एकच पट्टा लाल निशाणाकडून राजाकडे, राजाकडून काँग्रेसच्या कार्यकर्त्याकडे आणि तिथून पुन्हा लाल निशाणाकडे गेला. त्यानंतरच्या वर्षी, १९७८ च्या जूनमध्ये, यशवंतरावांचे निधन झाले. वय साठ. जव्हारचा स्वतःचा शक ज्या महिन्यात सुरू झाला, तोच तो महिना.

पुढच्या काळात जव्हार-मोखाड्याचे नाव मोठ्या वृत्तपत्रांत आले ते वेगळ्याच कारणाने. १९९२ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने बालके दगावल्याच्या बातम्यांनी राज्य हादरले. मंत्री आले, समित्या आल्या, योजना आल्या. राजा गेल्याला तोवर चौदा वर्षे आणि राज्य गेल्याला चव्वेचाळीस वर्षे झाली होती. राजवटीला दोष द्यावा तर ती उरली नव्हती. लोकशाहीला द्यावा तर ती दिल्लीत आणि मुंबईत होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला. मुख्यालय जव्हारला व्हावे, अशी इथल्या लोकांची जुनी मागणी होती. ते किनाऱ्यावर, रेल्वेमार्गालगत, पालघरला गेले.

जयविलास टेकडीवर उभा आहे. पावसाळा सरला की गुलाबी दगडावरचे शेवाळे वाळते आणि काजूच्या झाडांमधून जाणाऱ्या वाटेवर शनिवार-रविवारी मोटारी उभ्या राहू लागतात. त्याच वाटेने खालच्या पाड्यांतल्या बाया लाकूडफाट्याच्या मोळ्या घेऊन बाजाराकडे निघालेल्या असतात.